झाकणाच्या आत थोडे आमच्यासाठीही लिहा

प्रति,
बाटल्यांच्या झाकणांचे आराखडे काढणारे, त्यांचे साचे घडवणारे आणि बाटलीच्या मानेची मापे ठरवणारे सर्व अभियंते व कारागीर यांस,

स. न. वि. वि.

मी लहान मुलांना शिकवते. वर्गातल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात माझा एक पत्र्याचा डबा आहे आणि तो झाकणांनी गच्च भरलेला आहे. पाण्याच्या बाटल्यांची, तेलाच्या बाटल्यांची, शाम्पूची, काचेच्या बाटल्यांवरची दातेरी पत्र्याची, हाती लागतील ती सगळी. गेली कित्येक वर्षे हा डबा मला खडू-फळ्याइतकाच लागतो. तुमच्यापैकी कोणालाही मी ओळखत नाही. पण तुमच्या हातचे काम मी रोज हाताळते, म्हणून हे पत्र.

एके दिवशी वर्गात बेरजा चालल्या होत्या. प्रत्येकापुढे मूठ-मूठ झाकणे होती. एका मुलीने तिचे निळे झाकण उलटे केले, डोळ्याजवळ नेले आणि म्हणाली, “बाई, ह्याच्या आत सदतीस लिहिलंय.” मी बघितले तर खरेच, तळाशी मोहरीएवढ्या अक्षरांत ३७ उठवलेले. मग काय, बेरजा राहिल्या बाजूला. अख्खा डबा सतरंजीवर पालथा झाला आणि जो तो झाकणात डोकावायला लागला. कोणाला १२ सापडला, कोणाला ६४, कोणाला नुसतीच एक खूण आणि कोणाला काहीच नाही. ती मुलगी विचारत होती, “सदतीस म्हणजे काय, बाई? ह्याची किंमत? ह्याचं वय?”

मला तेव्हा सांगता आले नाही. पुढे शोधल्यावर कळले ते तुम्हाला ठाऊकच आहे. एका साच्यात शेजारी-शेजारी डझनांवारी खळगे असतात, एका दमात तितकी झाकणे पडतात, आणि प्रत्येक खळग्याला आपला क्रमांक असतो. झाकण गळके निघाले, आटा तुटका निघाला, तर कोणता खळगा बिघडला हे त्या आकड्यावरून हुडकता यावे, एवढ्यासाठी तो कोरलेला. मुलांना सांगितले, “हा ह्याच्या घराचा नंबर आहे.” त्यांना ते लगेच पटले. तेव्हापासून आमच्या वर्गात झाकण हाती आले की आधी घरनंबर बघतात.

माझ्या मनात मात्र दुसरेच घोळत राहिले. झाकणाच्या आत लिहिता येते. ते लिहायला वेगळी शाई लागत नाही, वेगळे यंत्र लागत नाही; साच्यात एकदा कोरले की पुढच्या प्रत्येक झाकणावर ते आपसूक उठते. आणि तुम्ही लिहिताही, तुमच्या कामापुरते. माझी विनंती एवढीच आहे की त्या आकड्याशेजारी आणखी दोन गोष्टी लिहा : झाकणात काठोकाठ किती मिलिलिटर मावते, आणि झाकण कशाचे बनले आहे.

मापाचे आधी सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकते.

बाटली बंद करण्याखेरीज झाकणाचे सगळ्यात पहिले काम कोणते, तर माप. घरोघरी फरशी पुसायच्या पाण्यात, कपड्यांच्या बादलीत, झाडांच्या खतात ‘एक झाकण’, ‘अर्धे झाकण’ असेच चालते. चमचा शोधायला कोणी उठत नाही, झाकण हातातच असते. ही काही अडाणी सवय नव्हे. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, पिण्याचे पाणी घरच्या घरी निर्जंतुक करण्यासाठी जी ‘सेफ वॉटर सिस्टिम’ आखली, तिचा आधारच झाकण आहे. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या पातळ द्रावणाची छोटी बाटली असते. पाणी स्वच्छ दिसत असेल तर ठरलेल्या मापाच्या भांड्यात एक झाकण द्रावण घालायचे, गढूळ असेल तर दोन. ढवळायचे आणि अर्धा तास थांबायचे. लिहिता-वाचता येवो न येवो, हे कोणालाही जमते. तिथे झाकणाचा आकार आणि द्रावणाची तीव्रता एकमेकांना धरून ठरवलेली असते, म्हणून ते बिनचूक चालते. म्हणजे झाकण हे माप आहे असे मानून काम करणारे लोक तुमच्याच क्षेत्रात आहेत.

अडते कुठे, तर झाकण बदलले की. माझ्याच घरची गोष्ट. कुंड्यांसाठी पातळ खताची बाटली आणली होती. तिच्यावर सूचना होती, एका बादलीला एक झाकण. बाटलीचे झाकण कुठेतरी घरंगळत गेले. मी डब्यातले दुसरे एक शोधून लावले. ते घट्ट बसले, म्हणून मी निश्चिंत. चार आठवडे त्याच झाकणाने खत घालत गेले आणि पानांच्या कडा करपत गेल्या. आधी वाटले उन्हाने, मग वाटले कीड. शेवटी एकदा सहज दोन्ही जातींची झाकणे शेजारी ठेवून एकातले पाणी दुसऱ्यात ओतले. जुन्याएवढे पाणी ओतूनही नवे झाकण निम्मेच भरले. झाडे मी माझ्या हाताने जाळली होती, झाकणाला झाकण समजून. दोन रोपे गेली ती गेलीच.

तुम्ही म्हणाल, बाईंनी चमचा वापरायचा होता. खरे आहे. पण त्या झाकणाच्या तळाशी घरनंबरच्या शेजारी मापाचा नुसता एक आकडा असता तर मला चमच्याची गरजच पडली नसती. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येते त्या मापाच्या टोपणावर रेघा असतातच. कपडे धुण्याच्या द्रावणाच्या मोठ्या झाकणातही असतात. म्हणजे जमते. साध्या झाकणातच तेवढे का नको? शीतपेयाच्या झाकणात आटे असतात, त्यामुळे आडवी रेघ सलग येणार नाही, हे मला कळते. पण आटे तरी सलग कुठे असतात? कोंडलेला वायू झाकण उडवण्याआधी हळूच निसटावा म्हणून तुम्ही त्यांच्यात उभ्या फटी सोडलेल्या असतात. त्या फटीत रेघ मावेल. नाही मावली तरी तळाला आकडा पुरे. औषध मात्र त्याच्या स्वतःच्या मापानेच घ्यायचे, दुसऱ्या कोणत्याही झाकणाने नाही, हे मी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बजावून सांगते. आकडा लिहिलेला असला तरी सांगेन.

वर्गात हा आकडा किती कामाला येईल ते सांगून पुरे होणार नाही. आजही मी झाकणांनीच धारकता शिकवते. एका पेल्यात किती झाकणे पाणी मावते ते आधी अंदाजाने सांगायचे, मग मोजायचे. दोन मुलांची उत्तरे कधीच जुळत नाहीत, कारण झाकणे सारखी नसतात. दिसतात सारखी. शीतपेयांच्या बाटल्यांच्या माना बहुतेक २८ मिलिमीटरच्या. तिच्यात जुनी उंच मान, जिला तुम्ही १८१० म्हणता, आणि नंतरची आखूड मान, १८८१ (ही साले नव्हेत, मानेच्या घडणीचे क्रमांक). आखूड मानेमुळे प्लास्टिक वाचते, ते चांगलेच झाले. पण दोघींची झाकणे भावंडांसारखी दिसतात आणि एकमेकींवर नीट बसत नाहीत. उंच झाकणात पाणी जास्त, बुटक्यात कमी. मुले एकमेकांवर चिडतात, “तू चुकीचं मोजलंस.” चूक कोणाचीच नसते. मी यातून प्रमाणित माप का लागते हे शिकवून घेते, ते सोडा. पण झाकणावर आकडा असता तर त्याच झाकणांनी मी बेरीज, गुणाकार आणि मिलिलिटर एका तासात शिकवले असते.

आता दुसरी गोष्ट, झाकण कशाचे आहे ती.

पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि आत १ असतो. प्लास्टिकची जात सांगणारे हे आकडे १९८८ पासून चालू आहेत. १ म्हणजे पेट (पीईटी) नावाचे प्लास्टिक. झाकण मात्र पेटचे नसते. ते पॉलिप्रॉपिलीनचे असते किंवा एचडीपीईचे, ही प्लास्टिकची दुसरी दोन जाती, म्हणजे ५ नाही तर २. आणि नेमके झाकणावर हे अनेकदा लिहिलेले नसते. वर्गात आम्ही एक प्रयोग करतो. बाटलीचा एक तुकडा आणि तिचे झाकण कापून पाण्याच्या बादलीत टाकतो. बाटलीचा तुकडा सरळ तळाला जातो, झाकणाचे तुकडे वर तरंगतात. पेटची घनता सुमारे १.३८, पॉलिप्रॉपिलीनची ०.९ आणि एचडीपीईची ०.९५ च्या आसपास, पाण्याची १. मुलांना आकडे नंतर कळतील, पण बुडणारे आणि तरंगणारे त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळे होतात. प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतही बाटल्यांचा चुरा करून याच रीतीने झाकण वेगळे काढतात. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी सांगतात की रिकामी बाटली चेपा आणि झाकण लावूनच द्या. सुटे झाकण इतके लहान की वर्गवारीच्या चाळणीतून ते खाली पडते आणि कचऱ्यात जाते.

पण २ कोणते आणि ५ कोणते, हे बादली सांगत नाही. दोन्ही तरंगतात. आणि ज्यांना झाकणे वितळवून त्यांची फळी, कुंडी किंवा कंगवा करायचा आहे, त्यांचे सगळे इथेच अडते. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळते, पॉलिप्रॉपिलीनला १६० च्या वर लागते, आणि दोन्ही एकत्र केली तर एकजीव होत नाहीत. वस्तू पुढे तिथेच दुभंगते. डेव्ह हाकेन्स या डच तरुणाने २०१३ मध्ये ‘प्रेशस प्लास्टिक’ नावाने छोट्या कार्यशाळांना जमतील अशा यंत्रांचे आराखडे सगळ्यांसाठी खुले केले. अशी यंत्रे चालवणाऱ्यांना झाकणे फार आवडतात. रंग छान, माल जाड, कागद चिकटलेला नाही, धुतले की झाले. त्यांच्यासाठी झाकणातला एक आकडा म्हणजे अर्धे काम. घरी मात्र कोणी प्लास्टिक वितळवू नये. धूर वाईट असतो, आणि मुलांसमोर तर नकोच नको.

आणखी एक, जाता जाता. काही झाकणांच्या आत वेगळ्या मालाची मऊ चकती असते. जिथे झाकणाला त्याच मालाची गोल कड आतून देऊन गळती थांबवता येते, तिथे ती चकती देऊ नका. एका वस्तूत एकच माल असला की पुढचे सगळे सोपे होते.

आता तुमच्या कामाचे जे मला आवडते तेही सांगते, नाहीतर पत्र नुसते गाऱ्हाण्याचे होईल.

आमच्या गाड्यांना चाके झाकणांची असतात. चाक नीट फिरायचे तर आसाचे भोक बरोबर मध्यावर हवे. कित्येक झाकणांच्या माथ्यावर मधोमध एक बारीक पुळी असते, बोटाला लागते. पातळ प्लास्टिक जिथून साच्यात शिरले, तीच ही जागा. तुमच्यासाठी ती निव्वळ खूण, आमच्यासाठी आयता मध्यबिंदू. मुलगा डोळे मिटून बोट फिरवतो, पुळी सापडली की तिथे पेन्सिलीने टिंब देतो, मी तापवलेल्या सुईने भोक पाडते. काही झाकणांना पुळी नसते, कारण ती गरम प्लास्टिकचा गोळा साच्यात दाबून केलेली असतात. अशा वेळी आम्ही कागदावर झाकणाभोवती पेन्सिल फिरवतो, तो गोल कापतो, एकदा मधोमध दुमडतो, उलगडतो, दुसऱ्या बाजूने पुन्हा दुमडतो. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. कागद झाकणावर ठेवला की झाले. वर्तुळाचा व्यास म्हणजे काय हे मी आजवर याहून चांगले शिकवू शकलेले नाही. चुकीच्या जागी भोक पडलेली गाडी लंगडत चालते आणि मुले स्वतःच सांगतात, “बाई, मध्य हुकला.”

काचेच्या बाटलीवरच्या पत्र्याच्या झाकणाचे तर मला वेगळेच कौतुक आहे. मुलांना त्याचे दाते मोजायला देते. पहिल्यांदा कोणाचेच उत्तर बरोबर येत नाही, कारण गोलाला सुरुवात नसते आणि शेवट नसतो. कोणी १९ सांगते, कोणी २३. मग कोणालातरी सुचते की एका दातावर खडूने खूण करायची. त्यानंतर सगळ्यांचे उत्तर २१ येते. ही युक्ती मी आधी कधीही सांगत नाही. ती सुचण्यासाठीच तर तो तास. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये या झाकणाचे पेटंट घेतले तेव्हा दाते २४ होते, आत बुचाची चकती होती. पुढे दाते २१ झाले आणि बुचाची जागा प्लास्टिकने घेतली. आकार मात्र तोच राहिला. इतकी वर्षे एवढ्याशा पत्र्याने वायूचा दाब धरून ठेवला, ही तुमच्या पूर्वसूरींची करामत आहे आणि मी ती मनापासून मानते.

पण त्याच पेंटर यांची दुसरी गोष्ट मला सलते. त्यांच्या कंपनीत किंग जिलेट नावाचा विक्रेता होता. पेंटर यांनी त्याला सल्ला दिला होता की एकदा वापरून फेकून द्यायची अशी काहीतरी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा-पुन्हा येईल. हे जिलेटने पुढे स्वतःच सांगितले आहे, आणि त्यातून फेकून द्यायचे दाढीचे पाते आले. म्हणजे झाकण हे फेकण्याच्या कल्पनेचे मूळ उदाहरण. बाटली उघडली की त्याचे काम संपले, असे धरूनच ते आखलेले. माझा डबा रोज सांगतो की तसे होत नाही. लोक ते ठेवतात. खिशात टाकतात, खणात टाकतात, मुलांना देतात. तुमचा आराखडा जिथे संपतो तिथे आमचा वापर सुरू होतो, आणि तेवढा भाग मात्र कोणीच आखत नाही.

तो वापर केवढा आहे ते बघा. पत्र्याची बारा झाकणे उताणी आणि बारा पालथी ठेवली की चौसष्ट घरांवर चेकर्सचा डाव मांडता येतो, आणि सोंगटी राजा झाली की तिच्यावर दुसरे झाकण चढवायचे. साबणाच्या वडीत खालून एक झाकण दाबून बसवले की वडी पाण्यात पडून राहत नाही, विरघळत नाही. बाटलीची मान झाकणासकट कापून घ्यायची, पिशवीचे तोंड मानेतून वर ओढून बाहेरच्या बाजूला उलटवायचे आणि वरून झाकण फिरवायचे. पिशवी अशी बंद होते की उलटी धरली तरी सांडत नाही. झाकणाला बारीक भोके पाडली की रोपांना पाणी घालायची झारी. पत्र्याचे झाकण खिळ्याखाली वायसरसारखे घातले की पातळ कागद किंवा कापड फाटत नाही. लाकडी फळीवर पत्र्याची झाकणे दाते वर करून ठोकली की बुटांचा चिखल खरवडता येतो, मात्र ती गंजतात आणि कड लागते, म्हणून अनवाणी पायांपासून लांब. डगमगत्या टेबलाखाली झाकण कोणी ठेवले नाही असे घर सापडणे कठीण.

पत्र्याचे झाकण ठोकून सपाट करायचे, मध्याच्या दोन्ही बाजूंना दोन भोके पाडायची, दोरा ओवायचा आणि दोन्ही हातांनी पीळ देऊन ओढायचे-सोडायचे. ही भिंगरी मला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. तिचा गुणगुणता आवाज अजून कानात आहे. ठोकताना कडा आत वळवून घ्याव्या लागतात, नाहीतर बोट कापते आणि फिरताना दोरा. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या चमूने याच खेळण्याच्या तत्त्वावर कागदाचे एक साधन केले. विजेशिवाय, नुसत्या हाताने ओढून ते मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत फिरते आणि रक्ताचे घटक वेगळे करते. मी हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांनी आपापल्या भिंगऱ्यांकडे वेगळ्याच नजरेने पाहिले.

एकदा माझ्या वर्गात एक मूल होते, त्याला दिसत नव्हते. ब्रेलचे अक्षर म्हणजे सहा टिंबांची चौकट, दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. मी जाड पुठ्ठ्यात झाकणाच्या मापाची सहा भोके पाडली. टिंब हवे तिथे झाकण बसवायचे, नको तिथे भोक रिकामे. छोट्या टिंबांवर बोट ठरायला त्याला वेळ लागत होता. झाकणावर तळहात पडला की अक्षर लगेच कळायचे. नंतर ते बारीक टिंबांकडे वळले. तो पुठ्ठा मी अजून जपून ठेवला आहे. पण सहा भोके अगदी झाकणाएवढी पाडायला मला सहाही झाकणे एकाच जातीच्या बाटल्यांची शोधावी लागली, कारण बाहेरून सारखी दिसणारी झाकणे एकेका मिलिमीटरने वेगळी निघत होती. माना आणि झाकणे यांची मापे जितकी थोडी ठेवाल तितके आमच्यासारख्यांचे भले आहे.

माझ्याच बिरादरीलाही इथे काही सांगायला हवे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली शाळाशाळांतून झाकणांना चमकी फासली जाते, थर्माकोलवर गोंदाने चिकटवली जातात, फुलदाणी होते, प्रदर्शन होते आणि आठवड्याने ती फुलदाणी कचऱ्यात जाते. ज्या झाकणाची फळी होऊ शकली असती ते गोंद आणि चमकीने कायमचे वाया गेले. हे टिकाऊ नव्हे. मी सुरुवातीची काही वर्षे हेच करत होते. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई यांचे काम पाहिल्यावर मी ते बंद केले. बाटल्यांवरची ॲल्युमिनियमची झाकणे आणि गळपट्ट्या चपट्या करून, दुमडून, तांब्याच्या तारेने एकमेकींत गुंफून ते भिंतभर मोठी, कापडासारखी चुण्या पडणारी कामे करतात. २०१५ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनाने त्यांना जीवनगौरव म्हणून ‘गोल्डन लायन’ दिला. गोंद नाही, तार सोडवली की झाकणे पुन्हा मोकळी. आता आमच्याकडे नियम आहे : ओवायचे, अडकवायचे, रचायचे, पण चिकटवायचे नाही.

बाटलीला जोडून राहणाऱ्या झाकणांविषयी लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या पेयबाटल्यांचे झाकण बाटलीपासून सुटणार नाही असे बंधन घातले. कितीतरी लोक कुरकुरतात, पिताना गालाला लागते म्हणून. मी त्या बंधनाच्या बाजूने आहे, माझा डबा रिकामा राहिला तरी. समुद्रकिनाऱ्यांवर जे सापडते त्यात झाकणे फार असतात, कारण ती तरंगतात. आमच्या बादलीत तरंगली तशीच. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटांवर अल्बट्रॉस पक्ष्यांची पिल्ले मरून पडलेली सापडतात आणि त्यांच्या पोटात अख्खी झाकणे असतात. आईबापांनी समुद्रावरून खाऊ समजून आणून भरवलेली. त्याची छायाचित्रे मी एकदा बघितली. माझ्या डब्यातले लाल झाकण आणि त्या पिल्लाच्या पोटातले लाल झाकण यांत काही फरक नव्हता. म्हणून जिथे बाटल्या गोळा होऊन पुढे जातात तिथे झाकण बाटलीलाच राहू दे. फक्त जिथे तशी सोय नाही आणि लोक झाकण ठेवून घेणारच आहेत, तिथे कात्रीने कापल्यावर टोकदार काटा उरणार नाही अशी ती पट्टी आखा. सध्याच्या काही झाकणांवर तो उरतो. मुलांच्या हाती देण्याआधी मी एकेकाला पॉलिशपेपर घासते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, लहान मुले. खेळण्यांच्या सुट्या भागांची चाचणी करायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात पूर्ण मावेल अशी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. २८ मिलिमीटरच्या मानेचे झाकण त्यात सहज मावते. म्हणून माझा डबा खालच्या खणात असला तरी त्याला कुलूप आहे, धाकट्या भावंडांना घेऊन पालक येतात तेव्हा मी आधी सतरंजी झाडून बघते. पेनाच्या टोपणाला वर भोक असते ते याच काळजीपोटी. टोपण घशात अडकले तरी श्वास चालू राहावा, आणि त्यासाठी आयएसओ ११५४० हे मानक आहे. औषधाच्या बाटलीचे दाबून फिरवायचे झाकण तर कॅनडातल्या विंडसरच्या हेन्री ब्रो या बालरोगतज्ज्ञाच्या आग्रहातून १९६७ मध्ये आले. औषध गिळलेली मुले बघून बघून तो माणूस हैराण झाला होता, त्याने झाकण बदलायचा ध्यास घेतला आणि तुमच्यातल्याच लोकांनी ते बदलले. १९७० मध्ये अमेरिकेत त्याचा कायदा झाला. बाहेरच्या माणसाने मागितले म्हणून झाकण बदलल्याचे हे उदाहरण मी मुद्दाम देत आहे.

या पत्रासोबत एक छोटे पार्सल आहे. त्यात बारा झाकणे आहेत, धुऊन, पुसून. प्रत्येकात मुलांनी पिचकारीच्या नळीने पाणी मोजून भरले आणि काठोकाठ किती मावले तो आकडा आत तळाशी न पुसणाऱ्या शाईने लिहिला. आकडे वेडेवाकडे आहेत, एका ठिकाणी ६ उलटा पडला आहे. जागा पुरली का, हे तुम्हाला बघता यावे म्हणून. बारावे झाकण निळे आहे, आत ३७ आहे. ते पाठवायला ती मुलगी आधी तयार नव्हती. शेवटी एका अटीवर दिले : ३७ च्या शेजारच्या घरात, म्हणजे ३६ मध्ये आणि ३८ मध्ये, त्याच दिवशी जन्मलेली झाकणे कुठे गेली ते तिला कळवायचे. सांगता येणार नाही हे मी तिला समजावले आहे. तरी तो साचा अजून चालू आहे की मोडीत निघाला, एवढे कळवता आले तर कळवा. मी वर्गात वाचून दाखवीन.

आपली,
एक शिक्षिका